स्लॉथ, बदक आणि एक कायम जागा

अमोलने फळ्यावरच्या बदकाच्या चोचीचं टोक पिवळ्या खडूने रंगवलं आणि मुळाशी लाल ठिपका दिला. शेजारच्या फांदीला त्याने आधीच एक स्लॉथ उलटा लटकवून ठेवला होता.

मुलाखतीत शिकवून दाखवायचा विषय सगळ्या उमेदवारांना एकच: एक दुर्मीळ जात, एक सर्रास दिसणारी, तुलना करून शिकवा. नाशिकच्या या कॉलेजात प्राणिशास्त्राची कायम जागा बऱ्याच वर्षांनी निघाली होती. पुढची निघेपर्यंत, तासिका तत्त्वावर शिकवणारा अमोल निवृत्तीच्या वयाचा झाला असता. फक्त निवृत्त व्हायला आधी नोकरी लागते. सुट्टीमुळे मुलं नव्हती, म्हणून बाकीच्या उमेदवारांनाच विद्यार्थी म्हणून बाकांवर बसवलं होतं.

"हे हळदी-कुंकू बदक. नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात कुणीही दाखवेल आणि लगेच फ्लेमिंगोकडे वळेल. आणि हा बुटका स्लॉथ. जगात एकाच बेटावर सापडतो. कुठल्या देशात?"

मागच्या बाकावरची पायल आपली नखं बघत होती. पहिल्या बाकावरचा दिनेश अमोलचाच जुना विद्यार्थी. सकाळी व्हरांड्यात तो सरांच्या पाया पडला होता. आता खिडकीबाहेरच्या कुत्र्यात गुंतला होता.

"पनामा," अमोलने स्वतःच सांगितलं.

"तुमचा वर्ग बोलत नाही हो," तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाई म्हणाल्या.

"मॅडम, ते स्पर्धक आहेत."

"वर्ग म्हणजे वर्ग. नेक्स्ट."

दिनेश उठला. "सरांचं चित्र झकास आहे, असू द्या," म्हणत त्याने फळा पुसलाच नाही. अमोल त्याच्या जागी जाऊन बसला. बाक अजून गरम होता.

दिनेशने बदक उरकलं आणि स्लॉथपाशी अडकला.

"तो हिरवट का दिसतो?" बाईंनी विचारलं.

दिनेशने प्रश्न तसाच वर्गाकडे ढकलला. "हिरवट का दिसतो? कोण सांगेल?"

पायलची नखं अजून संपली नव्हती. दिनेशने रुमालाने मान पुसली, बाईंनी घड्याळ पाहिलं. अमोलला फक्त गप्प बसायचं होतं. पण वर्गात प्रश्न असा लोंबकळत राहिलेला त्याला कधीच सहन झाला नव्हता. त्याचा हात वर गेला. त्याने दुसऱ्या हाताने तो खाली ओढूनही पाहिला.

"हं, बोला," दिनेश म्हणाला.

अमोल उभा राहिला. "केसांत शेवाळ वाढतं. त्यामुळे पानांत तो कुणाला दिसत नाही."

बाईंनी समाधानाने मान डोलावली आणि दिनेशच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

"शाब्बास," दिनेश म्हणाला. "बसा."

अमोल बसला.