डोक्यावर पन्नास क्रेट

चिखल्याच्या गोविंदरावांचा लिटरवर विश्वास नव्हता. एकदा त्यांनी एक लिटर तेलाची पिशवी चिकू तोलायच्या काट्यावर ठेवली, ती नऊशे दहा ग्रॅम भरली, आणि तेव्हापासून दहा वर्षं ते दुकानदाराला चोर म्हणत होते. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, हे त्यांची सून दीप्ती, डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, दर दिवाळीला सांगे. ते दर दिवाळीला म्हणत, "तू त्याला सामील."

हजार लिटरची नवी टाकी आली तेव्हाही त्यांनी ती रिकामीच काट्यावर चढवली. चोवीस किलो. "सव्वा क्रेट फक्त!" म्हणत ती न्हाणीघरावरच्या जुन्या लोखंडी स्टँडवर बसवून घेतली. त्या स्टँडने चिकूचे वीस क्रेट, म्हणजे चारशे किलो, कित्येक हंगाम पेलले होते. रविवारी सकाळी मोटर लावून ते आंघोळीला गेले.

टाकी भरत आली आणि वर काहीतरी कण्हलं. दीप्तीने धावत जाऊन मोटर बंद केली. स्टँडची आडवी पट्टी वाकून दाराच्या चौकटीवर बसली होती.

"पप्पा, बाहेर या!"

"साबण लागलाय." मग आतून दोन धक्के. "दार का उघडत नाही?"

तिचा नवरा जतीन पहार घेऊन आला. "तोडतो."

"वरचं सगळं त्या दारानेच धरलंय!"

"मग वर चढून पाइपने पाणी काढतो."

"तुझं वजन किती?"

"चौऱ्याऐंशी."

"म्हणजे आणखी चौऱ्याऐंशी लिटर. उतर खाली."

घरातली जोडणी प्लंबर सोमवारी करणार होता. टाकीला नळ एकच, आणि तो आत, गोविंदरावांपाशी.

"पप्पा, नळ पूर्ण सोडा, आणि कोपऱ्यात भिंतीला चिकटून राहा!"

"पाणी काय फुकट आहे? एका बादलीत आंघोळ होते माझी."

"वर हजार लिटर आहे!"

"असू दे की. टाकी चोवीस किलोची आहे. मी स्वतः तोललीय."

चौकटीवरचं प्लास्टर दीप्तीच्या पायाशी पडलं. "पप्पा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तुमच्या डोक्यावर चिकूचे पन्नास क्रेट आहेत."

"पन्नास? त्या स्टँडवर? कोणत्या गाढवाने चढवले?"

मग आतला नळ सुटला.

"वीस लिटरची बादली म्हणजे एक क्रेट," दीप्ती म्हणाली. "तीस उतरवायचेत."

"पाणी जातंय कुठे?"

"मोरीतून तुमच्याच चिकूंना."

"मग ठीक."

एक बादली भरायला दोन मिनिटं लागत. ती मोरीत ओतली की आतून आवाज येई, "एक उतरला." जतीन श्वासही मोजून घेत होता. सतराव्याला पट्टी बोटभर खाली आली, लोखंड किंचाळलं. अठरावा आकडा गोविंदरावांनी कुजबुजत म्हटला, जणू टाकीला ऐकू जाईल.

तिसाव्या क्रेटला पट्टी जरा सैल झाली. जतीनने दार ओढलं, तीनदा, आणि ते उघडलं. गोविंदराव टॉवेलात बाहेर आले. अंगावरचा साबण वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. अंगणाच्या पार टोकाला जाऊन त्यांनी वर टाकीकडे पाहिलं.

"दीप्ती, हिच्यात तेल भरलं असतं तर?"

"नव्वद किलो कमी झाले असते, पप्पा."

"म्हणजे साडेचार क्रेट." ते विचारात पडले. "त्या दुकानदाराला चहाला बोलवावं लागेल."