एक हजार चार

१००४ — फायलींच्या यादीत मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा, आणि तोही पडद्यावर वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ… संगणक सांभाळणाऱ्या सुप्रियाचं बोट की-बोर्डवरच थांबलं. सोमवारी मानोऱ्याच्या या वाचनालयात नवी मुलं संगणक शिकायला येणार, म्हणून सचिव रंगरावांनी सांगितल्यावरून तिने सकाळीच संगणकाच्या लिनक्स प्रणालीवरची जुनी खाती काढून टाकली होती. खातं गेलं तरी फायली कुठेकुठे उरतातच. नाव पुसलं की त्यांच्यापुढे खात्याचा क्रमांक तेवढा राहतो. त्या शोधून काढून टाकायच्या, एवढंच काम.

पण १००४ कोण?

तिने एक फाईल उघडली. याडी — आई. बाटी — भाकर. खाली असेच तीनशे शब्द, आणि मग एकदम कोरं… हेमला! पोहरादेवीकडच्या तांड्यावरून एसटीने येणारी, आईला विचारविचारून आपल्या बोलीतले शब्द टाइप करणारी — आणि एका दुपारी मीच तिला म्हणाले होते, ‘काहून करून राह्यली हे? कोन वाचनार हाय?’ हसत म्हणाले होते, म्हणून लागणार नाही असं वाटलं… पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही. लग्न ठरलं असेल, बसची वेळ बदलली असेल — चार वर्षं सुप्रिया स्वतःला कारणं पुरवत आली होती. आता एक कळ दाबली की ते शब्दही संपले असते. आणि नुसतं सोडून दिलं तर सोमवारी रिकामा झालेला १००४ क्रमांक ज्याला मिळेल, त्याच्या नावावर हेमलाचे शब्द चढणार…

तिने फोन लावला.

‘हेमला, मी सुप्रिया. तुये शब्द हायेत इथं.’

‘अजून हायेत? मले वाटलं, तू कवाच पुसले असतीन.’

‘तवा माही चूक झाली, हेमला.’

‘…ठेव. माही पोरगी बोलाले लागली आता. तिच्यासाठी पाह्यजेत.’

‘येशीन?’

‘पाहू.’

सुप्रियाने त्याच क्रमांकावर हेमलाचं खातं पुन्हा उघडलं. आकड्यांच्या जागी ओळीओळीत नाव उमटलं. ‘पाहू’ म्हणजे हो की नाही — फोनवरच्या त्या आवाजाने काहीच हाती लागू दिलं नव्हतं, आणि तरी ती फाईल बंद न करता वाचत राहिली, ओठ हलवत, अडखळत. त्या वेळी यातल्या एकाही शब्दाचा अर्थ आपण विचारला नव्हता… आज ते आठवताना नुसती लाज वाटत नव्हती. पुढच्या शब्दाची भूक लागावी तसं काहीतरी होत होतं.