महानंदाचा डावा हात

चाळणीत कोंड्याबरोबर काहीतरी खुळखुळलं — पाटीच्या पेन्सिलीचा तुकडा, नखाएवढा, एका अंगानं झिजून तिरपा झालेला. रत्नम्मानं तो चिमटीत धरून उजेडात फिरवला, झीज कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं, आणि मग स्वतःवरच चिडली. एवढ्यावरून काय कळणार! पण तुकडा जुना होता हे नक्की, जूनच्या आधीचा, कारण हल्ली महानंदा स्वयंपाकघरात बसून लिहीत नाही. शाळेतून येते, दप्तर खुंटीला लावते आणि बाहेरच्या खोलीत मांडी घालून अभ्यास करते, कुणी न सांगता.

आधी ती इथं बसायची, चुलीच्या पलीकडे. परातीत पीठ पसरून द्यायचं आणि ती डाव्या हाताच्या बोटानं अक्षरं काढायची, कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळून. मग त्याच पिठाची भाकरी व्हायची आणि मघाशी खाल्लं ते कुठलं अक्षर, यावर जेवण संपेपर्यंत वाद. घरात बोलणं कानडीच, त्यामुळे तिचा 'का' नेहमी 'याक' असायचा. मुंग्या ओळीनंच याक, चंद्र दुपारी दिसतो तो याक... रत्नम्माला निम्म्याची उत्तरं यायची नाहीत. पण काय दिवस होते ते! आठवं लागलं तरी पोरीला शाळा माहीत नव्हती, कारण आईनं, रत्नम्मानंच, जाऊ दिलं नव्हतं. आई स्वतः डावरी. माहेरच्या मास्तरांनी तिचा डावा हात तिच्याच रिबिनीनं कमरेशी बांधून ठेवला होता. उजव्यानं काढलेलं अक्षर थरथरायचं आणि वर्ग हसायचा. चौथीत शाळा सुटली. अजून रेशनच्या दुकानात सही करायची वेळ आली की हात क्षणभर अडतो — कुठला पुढे करू?

तेव्हा घरात भांडली होती ती. थोरल्या दिरांसमोर, चन्नप्पांसमोर, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली होती, "पोर आमची. तिला घरी शिकवायचं की शाळेत, ते आम्ही ठरवू." सबंध शुक्रवार पेठेत ते आठवडाभर गाजलं. चन्नप्पा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे सुपारी कातरत त्यांनी एवढंच विचारलं, की उद्या पोरीला स्थळ आलं, शिक्षण किती विचारलं, तर दाखला कोण देणार, तू? नवऱ्याला, मल्लिकार्जुनला, दुकानात कापड फाडायचं तेवढं कळतं, घरातला वाद तोडायचा म्हटलं की तो चहा मागतो. शेवटी जूनमध्ये त्यानंच तिला नेऊन दुसरीत बसवलं. पण काल रात्री जेवताना आपणहून म्हणाला, "तू बाईंना भेटून ये. जमत नसेल तर काढून घेऊ. तूच ठरव."

तूच ठरव! सकाळपासून रत्नम्माच्या जिभेवर ते दोन शब्द गोड लागत होते. दुपारी शाळेकडे जाताना तिनं सगळं मनात जुळवून ठेवलं — बाई म्हणतील पोर हट्टी आहे, प्रश्न फार विचारते, डाव्या हातानं लिहिते. मग मी म्हणेन, तर मग राहू द्या, माझी पोर माझ्या घरी शिकेल.

विजयमालाबाई वयानं लहान होत्या, हसऱ्या. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. महानंदाबद्दल चांगलंच बोलत राहिल्या — शांत आहे, सांगितलेलं ऐकते, कधी उलटून विचारत नाही. मग टेबलावरची पाटी उचलून दाखवली. पाटीवर बेचा पाढा होता, छापल्यासारखा.

"आता उजव्यानं लिहिते," बाई म्हणाल्या.

"मारलंत का?"

"छे हो. नुसतं सांगितलं, डावा हात घाण कामाचा. शहाणी आहे, एका आठवड्यात सोडलं तिनं."

"बरं झालं," रत्नम्मा म्हणाली. आणि जुळवून आणलेलं सगळं तसंच घेऊन उठली.

परत येताना पोर बरोबर होती. पूर्वी ह्या गल्लीतून पाच मिनिटांच्या वाटेला तास लागायचा, प्रत्येक पाटी वाचून व्हायची. आज ती कडेकडेनं, सरळ चालत होती. हातावर वळ असता तर... वळ असता तर ह्यांना दाखवला असता, चन्नप्पांना दाखवला असता. आपल्याच लेकराच्या हातावर वळ हवा होता आपल्याला? रत्नम्माला स्वतःची शरम वाटली. पण मारलं नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, तेही वाटेना. माझा हात बांधला तेव्हा मला निदान राग तरी आला होता. हिला तोही येऊ दिला नाही. आणि मी त्या दिवशी चन्नप्पांना म्हणायला हवं होतं, दाखला नसला तर नसला... नाही म्हटलं. आता म्हणून काय.

संध्याकाळी अमेरिकेहून रेशनवर आलेल्या मिलोच्या तांबड्या पिठाची भाकरी थापताना चिरत होती. दुष्काळानं ज्वारी दिसेनाशी केली होती. महानंदा हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून पूजेला बसली. गळ्यातल्या वस्त्रातून तिनं इष्टलिंग काढलं आणि उजव्या तळहातावर ठेवलं.

रत्नम्माचे हात पिठात थांबले. लिंग घ्यायचं ते डाव्यावर. आजीनं तसंच घेतलं, आईनं तसंच, सगळ्या आपल्या लिंगायत घरांतून तसंच. पोर रांगत होती तेव्हा, शेजारणी डाव्या हातावरून बोलायला लागल्या, तेव्हा रत्नम्मानंच सांगितलं होतं — हा तर देवाचा पाट, ह्याला कोण नावं ठेवतं बघू.

"महानंदा, कुठल्या हातावर घेतलंस?"

"अव्वा, डावा घाण असतो. त्यावर देव कसा ठेवायचा?"

रत्नम्मा उठली ती कशी उठली तिचं तिलाच कळलं नाही. पिठाच्या हातानं तिनं पोरीचं डावं मनगट पकडलं, पुढे ओढलं, मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि लिंग उचलून त्या तळहातावर ठेवलं. भांडावं पोरीनं, हात सोडवून घ्यावा, निदान एकदा विचारावं, असं तिला आतून फार वाटत होतं. महानंदानं हात जरासुद्धा मागे घेतला नाही. तळहात सपाट धरून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट निरखून.

"असं बरोबर?"

"बरोबर," रत्नम्मा म्हणाली, आणि स्वतःचा तो बाईंसारखा आवाज कानांवर पडताच तिला कळलं, की उद्या हिला घरी आणली तरी ही शाळेतच बसणार, माझ्यासमोर.

मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं. थोड्या वेळात मल्लिकार्जुन दुकान बंद करून येईल, काय ठरवलंस म्हणून विचारेल. दुपारपर्यंत उत्तर होतं तिच्याजवळ.