पाहुणीसाठी आणलेलं पाणी

नंदाने सही केली तर अभयच्या पदरात साडेअकरा लाख पडणार होते. म्हणजे कागदावर. त्यातले सात चिपळूणच्या पाईपवाल्याचे, दोन खोदाईच्या मशीनचे, एक मजुरांचा. उरल्या दीड लाखातून दोन वर्षांत कचेरीच्या फेऱ्यांना जाळलेलं पेट्रोल आणि साहेबलोकांना पोहोचवलेले हापूस वजा केले, तर खरी कमाई एकच, सुटका. कारण पाईपवाल्याकडे तारण म्हणून होडीचे कागद पडले होते, आणि होडी अभय आणि त्याचा मोठा भाऊ बाबल्या, दोघांची होती. मार्चअखेर बिल निघालं नाही तर होडी पाईपवाल्याची.

नंदा ही बाबल्याची बायको, अभयची वहिनी आणि वाडीच्या पाणी समितीची अध्यक्ष. समितीवर बाई हवी असा नियम आला तेव्हा अभयनेच तिचं नाव पुढे केलं होतं. घरातली सही घरात राहील, एवढा साधा विचार. नंदाला लिहिता-वाचता येतं ही गोष्ट त्याने जमेच्या बाजूला धरली होती. तिथे त्याचा हिशेब थोडा चुकला.

सरकारी नळयोजनेचं कंत्राट अभयचं. काम त्याने चोख केलं होतं, हे त्याच्यावर रागावलेले लोकही मानतात. वर सड्याच्या माळावर टाकी, कातळ फोडून खाली आणलेली लाईन, घरोघर पितळी तोटीचा नळ, मोरीच्या सांडपाण्याला शोषखड्डा. फक्त विहिरीत पाणी नव्हतं. विहिरीची जागा वरून ठरून आली होती, आणि ती ठरवणारे आले होते श्रावणात. श्रावणात बुरोंडीपासून केळशीपर्यंत कुठेही काठी टोचली तरी पाणी लागतं. शिमगा झाला की ही विहीर तळ दाखवायची, आणि बायका पुन्हा डोंगरातल्या झऱ्यावर.

शेवटचं बिल निघायला दोन गोष्टी हव्या होत्या. तपासणी, आणि ‘पाणी बाराही महिने पुरतं’ या ओळीखाली अध्यक्षांची सही. पण खाडीपलीकडच्या गावाने मागल्या वर्षी अशीच सही दिली होती. वेशीवर ‘घरोघर पाणी’चा निळा बोर्ड लागला, फोटो निघाले, आणि मे महिन्यात टँकर मागितला तेव्हा उत्तर आलं, तुमच्याकडे तर घरोघर पाणी आहे, टँकर कशाला? नवीन विहिरीची फाईलही त्याच बोर्डाखाली गाडली गेली.

म्हणजे सही केली तर होडी वाचते आणि वाडी मे महिन्यात कोरडी. नाही केली तर उलटं.

“वयनी, एक दिवसाचा प्रश्न हाय,” आदल्या संध्याकाळी अभय पडवीत बसून सांगत होता. “बर्फाच्या कारखान्याचा टँकर आणून टाकी भरलीय. उद्या तपासणीची बाई येणार, नळ उघडणार, फोटो काढणार, जाणार. तुम्ही सही करायची.”

“आणि मे महिन्यात?”

“मे महिन्यात मी आणीन ना टँकर. माझ्या खर्चाने.”

“गेल्या मे महिन्यात तुम्ही मुंबईला होतात, भावजी.”

अभय हसला, पण पाय हलत होता त्याचा. “होडीचं काय ते बोला. दादाने माझ्या शब्दावर कागद दिले.”

“तुमच्या दादांनी मला विचारून दिले का?”

राग दादावरचा आहे, म्हणजे सही होणार, असं अभयने धरलं. तो उठला आणि घरोघर सांगत फिरला. उद्या एकही हंडा पाखाडीच्या पायऱ्यांवर दिसता नये. कुणी झऱ्याकडे फिरकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अभय वाडीचा पोरगा, त्याचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

बाबल्या पहाटेच होडी घेऊन गेला. तपासणीला आलेली मनाली जीपमधून उतरली तेव्हा ऊन पाखाडीच्या अर्ध्यावर आलं होतं. पंचविशीची, पायात बूट, हातात फोन. पहिल्या तीन घरांत नळ असा जोरात आला की बादली हलली. अभयच्या चेहऱ्यावर रंग परतला. तेवढ्यात मनालीने वर पाहिलं.

पाखाडीवरून बायका उतरत होत्या. एक नाही, दोन नाही, सगळी वाडी, प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेला हंडा आणि कमरेवर कळशी. पुढे शेजारची गुणवंती. जीप दिसताच ती थांबली, आणि मागच्या साऱ्या एकमेकींवर आदळल्या.

“हे काय?” मनालीने विचारलं.

“देवीला अभिषेक आहे आज,” अभय म्हणाला. आवाज जरा उंच लागला.

“देवी नाय गो बाय,” गुणवंती सरळपणे म्हणाली. “तुलाच आणलंय.”

घडलं होतं असं. टँकरचं पाणी प्रत्येकीने रात्रीच तोंडात घेऊन पाहिलं होतं. त्याला शिळ्या बांगड्याचा वास होता. आता शहरातून पाहुणी येणार, तिला गूळ-पाणी द्यायचं, चहा करायचा, तो काय या पाण्याचा? म्हणून प्रत्येकीने ठरवलं, आपण तेवढं गुपचूप झऱ्यावरून आणू, एका हंड्याने काय होतंय. झऱ्यावर पोचल्यावर कळलं की सगळ्यांनीच तसं ठरवलंय. झरा बारीक, रांग लागली, उशीर झाला. अभयचं वाटोळं करायला एकही गेली नव्हती. सगळ्या त्याच्या पाहुणीची सोय करायला गेल्या होत्या.

“म्हाताऱ्या बायकांची सवय, मॅडम,” अभय घाईने म्हणाला.

“म्हातारी कोण रे?” मागून कुणीतरी विचारलं.

मनाली पुढे निघाली. उरलेली घरं तिने पाहिली, फोटो काढले, आणि शेवटी नंदाच्या पडवीत येऊन टेकली. “मला फोनमध्ये एवढंच भरायचं असतं, आज नळाला पाणी आलं का. आलं. पुढची ओळ तुमची.” तिने कागद पुढे सरकवला. मग म्हणाली, “जरा पाणी द्याल?”

“नळाचं द्या ना, वयनी,” अभय दारातून म्हणाला. हलक्या आवाजात, जवळजवळ हात जोडून.

नंदाने मोरीतला नळ उघडला. तांब्या भरला. अंगणात वाडी उभी होती, हंडे अजून डोक्यावरच. नंदा दोन पावलं आली आणि तांब्या तिच्या हातातच राहिला. तिने तो देऊ पाहिला, हात पुढे जाईना. जे पाणी एका पाहुणीला देववत नाही, ते साऱ्या वाडीला बाराही महिने पुरतं असं लिहायचं होतं. तेही नसलेलं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि पेन घेतलं.

“वयनी, होडी,” अभय म्हणाला.

“ठाऊक हाय मला.”

छापील ओळीवर तिने काट मारली. खाली लिहिलं, ‘नळ आहेत. काम चांगलं झालं आहे. विहीर शिमग्यानंतर आटते. दुसरी विहीर हवी.’ आणि सही केली, पूर्ण नाव घालून.

मनालीने वाचलं. “यावर बिल अडकेल हं, ताई. निदान नवीन विहिरीला मंजुरी येईपर्यंत.”

“अडकूदे.”

अभय पायऱ्या उतरून गेला. गुणवंतीने मनालीला झऱ्याचं पाणी दिलं, वर गुळाचा खडा. मनालीने ते उभ्यानेच पिऊन टाकलं.

मे महिन्यात टँकर आला, सरकारी, दिवसाआड. नवीन विहिरीची जागा बघायला माणसं आली, आणि या खेपेला उन्हाळ्यात आली. योजनेचे पैसे सरकारचे, टँकरही सरकारचा. अभयने दोन वर्षांची मेहनत घालवली आणि मुंबईत नोकरी धरली, त्याचं बिल आज ना उद्या निघेल. वाडीला पाणी फुकट पडलं. होडी पाईपवाल्याने एप्रिलमध्येच हर्णैच्या माणसाला विकली. या साऱ्याची किंमत भरली बाबल्याने. कागद देताना बायकोला त्याने विचारलं नव्हतं, आणि सही करताना त्याला बायकोने.