अनुभव : नाही

केळव्यात पुंडलिक गुरुजींइतका सुबक अर्ज लिहिणारा दुसरा माणूस नव्हता, आणि हे सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते खुद्द गुरुजींना. सहासष्ट साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, तशी त्यांच्या ओटीवर रीघ लागली. नाव, गाव, वय, शिक्षण, अनुभव आणि खाली 'आपला आज्ञाधारक'. शाई वाळवत गुरुजी म्हणायचे, "जा, अक्षर बघूनच साहेब उठून उभा राहील!"

साहेब कसला उभा राहतोय! जिवल्याचे दोन अर्ज गेले, कुणी बोलावलंसुद्धा नाही. जिवल्या लोकांच्या वाड्यांमधली सुपारी उतरवायचा. चार महिने काम, आठ महिने हातावर हात. चाळिशी गाठली होती. गुडघे कुरकुरायला लागले की ते चार महिनेही गेलेच. बारमाही नोकरी लागली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. तिसऱ्या अर्जाची मुदत उद्यावर आली, तेव्हा त्याची बायको हंसा कमरेवर हात ठेवून ओटीपुढे उभी राहिली.

"गुरुजी, लिवलंय काय तुमी त्या कागदात? वाचा बगू."

गुरुजींनी मागची नक्कल काढून ठणठणीत आवाजात वाचली, "शिक्षण : नाही. अनुभव : नाही."

"नाय?" हंसा कडाडली. "वीस वरसं झाडावर काडली, ती काय झोपा काडल्या?"

"अगं, अनुभव म्हणजे कारखान्यातला, कचेरीतला..."

"तुमी कदी बगितलंय त्याला चडताना?"

गुरुजींनी साठ वर्षं ह्या गावात काढली, रोज जेवणावर सुपारी खाल्ली, पण मान वर केली होती कुणी? "चला मग," म्हणून हंसा चालू लागली. मागून गुरुजी धोतर सावरत निघाले.

वाडीत जिवल्याने पायात दोरीचं कडं अडकवलं, कमरेला कोयता खोचला आणि बघता बघता चाळीस हात वर. घड कापून त्याने दोरीने खाली सोडला. आता उतरेल, असं गुरुजींना वाटलं. छे! त्याने अंगाला झोका दिला. झाड वाकलं, मागे आलं, पुन्हा वाकलं, आणि जिवल्याने शेजारचं झाड धरून पहिलं चक्क सोडून दिलं.

"अरे देवा!" गुरुजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिसऱ्या झाडावर होता. मग चौथ्या, पाचव्या. मधलं एक झाड त्याने हात लांबवून थोपटलं आणि वगळलं.

"ते का सोडलंस रे?" गुरुजी खालून ओरडले.

"आतून कुजलंय, गुरुजी! आवाज बद्द येतो. माजा भार नाय घेणार!"

पंधरा झाडं झाली तरी पाय जमिनीला लागला नव्हता. गुरुजींच्या डोक्यावरची टोपी कधी पडली ते कळलं नाही, आणि डोळे का भरले तेही.

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं. "अनुभव : वीस वर्षे. जमिनीपासून चाळीस हातांवर एकटा काम करतो. मध्ये न उतरता एका दमात पंधरा झाडे. खोड थोपटून ते भार घेईल की नाही ते ओळखतो. आजवर एकदाही पडलेला नाही. न पटल्यास समोर चढवून पाहावे."

आठव्या दिवशी बोलावणं आलं. मुकादमाने खरंच चढवून पाहिलं आणि त्याच दिवशी उंचावर बांबूंची परांची बांधायच्या कामावर त्याला कायम घेतलं. संध्याकाळी जिवल्या पाया पडायला आला, तर गुरुजींनी पाय मागे घेतले.

"नको रे बाबा. तुझ्या नोकरीच्या आड दोन वेळा मीच आलो होतो."

तो गेल्यावर त्यांनी नकलांची पेटी उपसली. माकुणसारचा विहिरी खणणारा, दांडीचा होड्या बांधणारा आत्माराम, एकेक करत सत्तावीस माणसं. सगळ्यांपुढे गुरुजींच्याच हातचं 'नाही'. 

सकाळच्या पहिल्या एसटीने ते दांडीला उतरले. आत्माराम किनाऱ्यावर होडीत वाकला होता.

"आत्माराम, तुझा अर्ज पुन्हा लिहायचाय. आधी काम दाखव."

"काम कसलं गुरुजी? होडीला फळी बसवतोय नुसती."

"तीच बसव," गुरुजी म्हणाले, आणि वही मांडीवर घेऊन वाळूत बसले.