न घेतलेलं नाव

खंडेनवमीचं नाव बदलायचं हे रुपालीच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. पण नवं नाव मात्र तिचंच होतं, आणि सुरुवातीला तिला त्याचा चांगलाच अभिमान वाटला होता.

सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती एचआर बघायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिथं मशिनी धुऊन-पुसून लख्ख करायच्या, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, ही कारखाना सुरू झाल्यापासूनची रीत. यंदा नेमके त्याच दिवशी परदेशातले पाहुणे यायचे होते. प्लांट हेडनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "कार्यक्रम होऊ द्या, पण पूजा वगैरे शब्द बॅनरवर नकोत. सगळ्यांना चालेल असं काहीतरी नाव काढा."

रुपालीला ते पटलं. पुण्यात शिकताना होस्टेलच्या सत्यनारायणाच्या दिवशी खोलीचं दार लावून बसणारी दुसऱ्या धर्माची एक मैत्रीण तिनं पाहिली होती. कारखान्यात राबतात सगळे, मग सणाचं नाव एकाच धर्माचं कशाला? विचार करकरून तिनं 'यंत्र कृतज्ञता दिन' असं नाव काढलं. नारळ रद्द केला, पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे मागवले. फुलं तेवढी राहू दिली, सजावट म्हणून. गेटवर निळा बॅनर लागला. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड."

बॅनर लागला त्याच दुपारी बिभीषणमामा चौघांना घेऊन तिच्या टेबलापुढं उभे राहिले. मामा मेंटेनन्सचे, कारखान्यातले सगळ्यात जुने. मशीन बंद पडली की आधी त्यांना हाक जायची.

"मॅडम, ह्यो कसला दिन? खंडेनवमी कुठं गेली?"

"तीच आहे, मामा. फक्त सगळ्यांना आपलं वाटेल असं नाव ठेवलंय."

"आतापत्तुर सगळ्यांनाच आपलं वाटत हुतं की. कुनाला जड गेलं?"

खरं उत्तर सोपं होतं. कुणालाच नाही, साहेबांनी सांगितलं म्हणून बदललं. पण तसं म्हटलं तर माणसं उठून साहेबांकडं जाणार, साहेब म्हणणार, एवढं तुम्हाला सांभाळता येत नाही का. रुपालीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"आपल्याकडे सगळ्या धर्मांची माणसं आहेत, मामा. कुणाला खटकत असेल तर तो चारचौघांत बोलत नाही. माझ्याकडे येऊन बोलतो."

"कोन आलं हुतं?"

"नाव घेणं बरं दिसत नाही."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं. अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या धर्माचा म्हणावा असा माणूस एकच होता. सीएनसी मशीनवरचा रिझवान. मागं उभ्या असलेल्या चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. मामांनी मान हलवली, "बरं," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यांना परत बोलवायला हवं होतं. दारापर्यंत जाऊन हाक मारली असती तरी भागलं असतं. पण फोन वाजला, पाहुण्यांच्या जेवणाचं ठरवायचं होतं, आणि रुपालीनं स्वतःची समजूत घातली, की लोक विसरतील.

रिझवान नगरहून मोटरसायकलवर यायचा. दर खंडेनवमीला पहाटे बाजारातून झेंडूची पोती मागं बांधून आणायचं काम त्याचं. कुणी ते त्याच्यावर सोपवलं नव्हतं, त्यानंच कधीतरी अंगावर घेतलं होतं. पूजेच्या वेळी तो थोडा बाजूला, हात पुढं बांधून उभा राहायचा. कुंकू लावून घ्यायचा नाही आणि कुणी लावायला जायचंही नाही. नारळ फुटला की पेढा मात्र पहिल्या चार जणांत त्याच्या हातावर पडायचा. हे सगळं न बोलता ठरलेलं होतं. यातलं काही त्याला खटकतं का, असं रुपालीनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

यंदा खंडेनवमीला फुलं मामांच्या माणसांनीच आणली. रिझवानला कुणी फोन केला नाही. पाहुणे फिरत होते, फोटो निघत होते. रुपाली त्यांच्यामागं चालत होती. मशिनींची रांग पिवळीधमक दिसत होती, आणि मधेच एक मशीन उघडी, हाराविना. रिझवाननं ती रोजच्यापेक्षा जास्त घासली होती. शेजारच्या ऑपरेटरच्या हातात एक हार उरला होता, तो त्यानं आपल्याच मशीनवर दुसरा म्हणून घातला.

"हिला नको का?" रिझवाननं आपल्या मशीनकडं बोट करून हसत विचारलं.

"तुला चालत न्हाई म्हनं," तो त्याच्याकडं न बघता म्हणाला.

रुपालीनं ते ऐकलं. ती पाहुण्यांना म्हणाली, "धिस वे, प्लीज," आणि पुढं गेली.

संध्याकाळी रिझवान टेबलापाशी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, माझ्याविषयी काही तक्रार आहे का?"

"नाही, नाही. का हो?"

"माणसं बोलेनात आज. मी तुमच्याकडे काहीतरी सांगितलं, असं म्हणतात. मी तर तुमच्याकडं आलोच नव्हतो."

आता तरी सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. "गैरसमज झाला असेल," ती म्हणाली. "मी बघते."

तो "बरं मॅडम" म्हणून निघून गेला. त्याला कळलं होतं की काय, हे तिला उमगेना, आणि ते विचारायचं तोंडही तिच्यापाशी नव्हतं.

दसऱ्याला केडगावात घरी तिनं पुरी नुसती ताटात कुस्करून ठेवली. आईनं, मुक्ताबाईंनी, दोनदा वाढायला विचारलं आणि तिसऱ्यांदा ताटाकडं बघून विचारलं, "कुणाशी भांडलीस का?"

"भांडले असते तर बरं झालं असतं."

दुपारी ती आपट्याची पानं घेऊन रिझवानच्या घरी गेली. सोनं द्यायला आले म्हणायचं, त्याला बाहेर घ्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत होती. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. बाबाजान सत्तरी ओलांडलेले, जन्मभर नगरातल्या एका वर्कशॉपात लेथ चालवलेले. कंपनीच्या मॅडम दसऱ्याचं सोनं घेऊन आल्या म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. खुर्ची पुसली, पंखा वाढवला, आत चहाला सांगितलं. पानं दोन्ही हातांनी घेतली.

"रिझवान जरा बाहेर गेलाय, येईलच. बसा बेटा. काल लई छान झाली म्हणे तुमच्याकडं खंडेनवमी?"

"म्हणाला तो?"

"हां! सांगत होता ना. साहेब लोक आले, फोटो निघाले, त्याच्या मशीनवर सगळ्यात मोठा हार होता म्हणे." म्हातारा खुशीत हसला. "आमचा मालक पण घालायचा हार, माझ्या लेथला. आणि पेढे बघा, मला शुगर आहे, पण खंडेनवमीचा पेढा मी सोडत नाही. यंदा तुम्ही भारी दुकानातून आणले. दरसाल कागदात बांधून आणायचा, यंदा डबा!"

त्यांनी फळीवरचा डबा काढून तिच्यापुढं धरला. रुपालीनं यंदा बिस्किटं वाटली होती. पेढा कारखान्यात आलाच नव्हता.

तिनं एक पेढा उचलला. तेवढ्यात रिझवान दारात आला. त्यानं तिला पाहिलं, वडिलांच्या हातातला डबा पाहिला, आणि त्याची मान खाली गेली. लाज कुणी वाटून घ्यायची आणि वाटत कुणाला होती! रुपालीला तिथं बसवेना. बाबाजानांसमोर काही बोलणं शक्यच नव्हतं. कसाबसा चहा पिऊन ती उठली. रिझवान तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला.

"अब्बांना काही बोलला नाहीत ना?" त्यानं विचारलं.

"नाही. रिझवान, मामांनी विचारलं तेव्हा मीच..."

"माहीत आहे मॅडम." तो शांतपणे म्हणाला. "मी कुणाला काही बोललो नव्हतो. मग बोललं कोण, ते कळायला वेळ लागत नाही."

सुट्टी संपून कारखाना उघडला, त्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे उभे असताना रुपाली पुढं गेली.

"नाव बदलावं असं कुणीही माझ्याकडे येऊन म्हटलेलं नाही. रिझवान तर नाहीच. वरून सूचना आली, नाव मी काढलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. चूक माझी आहे."

साहेब मागं उभे होते, त्यांनी घड्याळात पाहिलं. शेवटी बिभीषणमामा म्हणाले, "मंग त्या दिशी का न्हाई बोलल्या?"

साहेबांचं नाव त्यांच्याच देखत घेणं तिला जमेना. "घाबरले," ती म्हणाली.

"तुमी घाबरल्या, अन् आमी पोराचं त्वांड बगायचं सोडलं." मामांनी हे तिला उद्देशून म्हटलं, पण म्हणताना बघत होते स्वतःच्या बुटांकडं. माणसं पांगली. मशिनी सुरू झाल्या.

साहेबांनी नंतर तिला आत बोलावलं. 'वरून सूचना आली' हे म्हणायची गरज नव्हती, असं त्यांनी अगदी मऊ शब्दांत सुनावलं. ती ऐकून घेत राहिली. गंमत म्हणजे त्याचं तिला काहीच वाटलं नाही. जे वाटत होतं ते रिझवानबद्दल होतं.

चहाच्या सुट्टीत तिनं काचेतून पाहिलं. रिझवानभोवती चार-पाच जण जमले होते. कुणी बिस्किट पुढं करत होतं, कुणी पाठीवर हात ठेवत होतं. हार न घालणारा शेजारचा ऑपरेटर जरा जास्तच मोठ्यानं हसत होता. रिझवान सगळ्यांकडं बघून मान हलवत होता, पण अंग चोरून उभा होता. थोड्या वेळानं तो तिथून सुटून हात धुवायला आला, तशी रुपाली त्याच्यापाशी गेली.

"रिझवान, मला माफ करा."

"केलं मॅडम. तुम्ही बोललात ते बरंच झालं. पण आता सगळे माझ्याशी लई गोड बोलायला लागलेत. परवा तुटक बोलत होते, आज गोड. मला आपलं आधीसारखं पाहिजे होतं." त्यानं नळ बंद केला.

"पुढच्या वर्षी काही ठरवायचं झालं, तर मी आधी तुम्हालाच विचारीन. नाव काय ठेवायचं, काय करायचं, सगळं."

"तेच करू नका." तो पटकन म्हणाला, मग आवाज खाली आणला. "मला एकट्याला विचारलंत की पुन्हा तेच होईल. सगळ्यांना विचारा. त्या सगळ्यांत मी असतोच ना?"

तो रुमालानं हात पुसत मशीनकडं निघून गेला. काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसलं तर सगळ्यांना चेहरा दिसणार होता, म्हणून रुपाली बराच वेळ तिथंच, भिंतीकडं तोंड करून, उगाचच हात धूत राहिली.