पेटीतला माग

सोमवती अमावस्येच्या सकाळी सोमलिंगांच्या दारापुढे चपलांचा एवढा ढीग झाला, की दूधवाल्याने सायकल गल्लीच्या तोंडाशीच लावली. सोमलिंग वारून वर्ष होत आले होते आणि आता ते घरातल्या एका काळ्या पेटीत परत आले आहेत, अशी बोलवा होती. पेटी बंद पडे, केम गावाहून अजिनाथबुवा नावाचे मांत्रिक येत, मंत्र म्हणत, पेटी उठे आणि आतून माग चालल्यासारखी खटखट ऐकू येई. जन्मभर माग चालवलेल्या माणसाचा आत्मा दुसरा कसला आवाज करणार? गल्लीला हे लगेच पटले.

पेटी म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. सोमलिंगांचा मुलगा प्रभु त्याला कौतुकाने सर्व्हर म्हणे. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, चादरींची डिझाइने आणि सोमलिंगांचे अखेरच्या काळातले व्हिडिओ त्या एकाच पेटीत साठवलेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ‘करू की’ म्हणत प्रभुने ते काम पुढे ढकलले होते.

प्रभुची बायको राजेश्वरी शाळेत विज्ञान शिकवायची. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या. पेटी उघडून बघू, असे तिने म्हटले, तर सासू शिवबाईंनी हातच जोडले. “आत त्ये बसल्यात गं. पाना-पेचकस काय लावू नगंस.” नवरा गेल्यापासून शिवबाईंचे जेवणावरचे मन उडाले होते. खटखट ऐकू आल्यापासून मात्र त्या पेटीशेजारी बसून दोन घास खात होत्या. त्या दोन घासांपुढे राजेश्वरीचे विज्ञान गप्प बसे.

पण गेल्या खेपेला बुवांनी नवेच काढले. “आत्मा यंत्रात अडकलाय. अमावस्येला पेटी मी सोता नेनार आन् भीमेत सोडनार. त्याबिगर सुटका न्हाय.” जाताना त्यांनी पेटी हाताने उचलून वजनही अजमावले. पेटी भीमेत जाणार की जुन्या बाजारात, याविषयी राजेश्वरीला फारशी शंका नव्हती. कुठेही गेली तरी सासऱ्यांचा आवाज कायमचा जाणार, हे तिला सहन होईना.

मग तिने वाद घालायचे सोडले आणि नुसती बघत बसली. जपायच्या वस्तूवर पांघरूण घालायची आपली रीतच आहे. टीव्ही म्हणू नका, शिलाई मशीन म्हणू नका, मिक्सरसुद्धा सुटत नाही. हे घर तर चादरवाल्यांचे. सोमलिंगांनी विणलेली शेवटची जाडजूड चादर शिवबाईंनी पेटीवर चारी बाजूंनी खोचून घातली होती. बुवा आले, की हीच चादर काढून त्यांना बसायला अंथरायची, कारण मोठ्या पाहुण्याला घरातली सगळ्यात चांगली चादर द्यायची ही दुसरी रीत. बुवा निवांत मंत्र म्हणत आणि शेवटी ‘दाबा बटन’ म्हणत. ते गेले, की चादर पुन्हा पेटीवर. संध्याकाळपर्यंत पेटीला पुन्हा मूर्च्छा. मग प्रभु सारखे बटण दाबून बघे, पण चादरीखालची पेटी क्षणभर दिवा दाखवून पुन्हा निजे.

म्हणून त्या सकाळी बुवांसाठी घोंगडे अंथरलेले होते.

“महाराज, आज घोंगड्यावर बसा,” राजेश्वरी अदबीने म्हणाली. “मामांच्या अंगावरचं पांघरूण काढवत नाही.”

“व्हय की. आमाला आसनाचं काय,” म्हणत बुवांनी डोळे मिटले. “ओम ऱ्हीं डाटाय नमः! वायफायवासिनी, हार्डडिस्कनिवासिनी, समद्या पितरांचं डाउनलोड होवो! दाबा बटन.”

प्रभुने बटण दाबले. दिवा लागला न लागला तोच विझला. पुन्हा मंत्र, पुन्हा बटण, पुन्हा तेच. बुवांच्या कपाळावरचा भस्माचा पट्टा घामाने ओघळू लागला.

“हितं कुनाच्या तरी मनात किंतु हाय,” ते म्हणाले.

“माझ्याच मनात आहे,” राजेश्वरी म्हणाली. “माझ्याकडेही एक मंत्र आहे. आत्या, आधी पेटीला हात लावून बघा.”

“लई तापलीया,” शिवबाई म्हणाल्या.

राजेश्वरीने चादर काढून घडी घातली, सगळ्यांना चहा द्यायला सांगितला आणि पेटीसमोर मांडी घालून सुरू केले, “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...” आधी लोक हसले, मग काहींनी भक्तिभावाने साथ धरली. एकोणतिसाचा संपला, तिसाचा झाला, पुढचेही झाले. शिवबाईंनी पुन्हा हात लावला. पेटी निवली होती.

“दाबा बटन,” राजेश्वरी बुवांच्या सुरात म्हणाली. दिवा लागला तो लागलाच. आतून खटखट सुरू झाली. एक बाई चक्क तिच्या पाया पडायला वाकली.

“अहो, पाढ्याने काही झालं नाही,” राजेश्वरीने तिला उठवले. “फार तापलं की हे यंत्र जळू नये म्हणून आपणहून बंद पडतं. चादर काढली, वारं लागलं, निवलं. महाराजांचा मंत्र म्हणजे तेवढा वेळ काढायचं साधन.”

आधी तिने प्रभुला पेटीतले सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायला लावले. ते झाल्यावर वीज बंद करून झाकण उघडले. मागांवरून उडालेला कापूस पंख्याभोवती उशीसारखा ठासून बसला होता, आणि गाठ आलेला एक सुताचा धागा पात्यात अडकला होता; पंखा फिरला, की तोच कडेवर आपटत असणार. तिने धागा ओढला, कापूस साफ केला, बटण दाबले. खटखट नव्हती.

शिवबाईंचा चेहरा उतरला. “म्हंजी त्ये हितं न्हाईत?”

राजेश्वरी त्यांच्याशेजारी येऊन बसली. “नाहीत, आत्या. पण ते बोलले ते इथं आहे.” तिने व्हिडिओ लावला. मागापाशी उभे असलेले सोमलिंग फोन धरणाऱ्या मुलावर खेकसत होते, “प्रभ्या, ठिव त्यो फोन. सुताच्या कांड्या भर की लेका.”

शिवबाई हसल्या, मग पदर तोंडाशी धरून रडल्या. बुवा चपलांच्या ढिगात आपला जोड हुडकत होते.

“बुवा, ह्यांचा ह्यो आवाज तुमी पान्यात सोडाय निगाला हुता,” शिवबाई म्हणाल्या. “आन् मी सोता तुमाला पेटी देत हुते. सून उगडून बगू म्हनत हुती, तर मी हात जोडले.”

गेलेल्या माणसासाठी रडावे तेवढे थोडेच. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्या रडण्यावर कुणी दुकान मांडले, तर डोळे पुसून त्याला कारण विचारावे. जिथे उघडून बघू नका असे सांगतात, तिथे झाकण आधी उघडावे.